सौ. पायरीबाईंस, तळमजल्यावरून

सौ. पायरीबाई,
मुक्काम पोस्ट: कुठल्याही दारात.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असं लिहायची पद्धत आहे. पण साष्टांगाला उर, शिर, दृष्टी, मन, वाचा, हात, पाय आणि गुडघे अशी आठ अंगं लागतात, आणि त्यातली शेवटची दोन माझ्या बाबतीत 1973 पासून संपावर आहेत. तेव्हा षडांग नमस्कार गोड मानून घ्या. उरलेल्या सहांमधलं मनसुद्धा अलीकडे फारसं सहकार्य करत नाही. हे पत्र त्याच्याबद्दलच आहे.

तुम्हालाच का लिहितेय, असं वाटेल. ज्यांनी तुम्हाला तिथं बसवलं त्या बिल्डरला, आर्किटेक्टला, सोसायटीला आणि निरनिराळ्या कचेऱ्यांना लिहिलेल्या अर्जांची जाड फाइल माझ्या कपाटात आहे. पोच आहे, उत्तर नाही. तुम्ही निदान जागेवर सापडता. साहेब मीटिंगला गेलेत, असं तुमच्याबद्दल कधी ऐकावं लागत नाही.

मराठी भाषेनं तुम्हाला केवढा मान दिलाय! माणसानं आपली पायरी ओळखून राहावं म्हणतात. मी ओळखते. रस्त्याच्या पलीकडून, रिक्षातून उतरायच्या आधीच ओळखते. उंची किती, कडा झिजलीय का, कठडा डाव्या हाताला की उजव्या, लादी कोरडी की नुकती पुसलेली. सोनारानं बांगडी हातात न घेता तोळे सांगावेत तसे मी नुसत्या नजरेनं इंच सांगते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर कुठलीच चढत नाही, मग माझ्याइतकं शहाणं कोण? (आंब्यातही तुमच्या नावाची एक आहे. तिच्याशी माझं भांडण नाही. रसाला बरी पडते.)

तुमच्या घराण्यात थोर निघाली ती पंढरपूरच्या महाद्वारातली, नामदेवांची. येणाऱ्याजाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असं सांगतात. नेमका तेवढाच भाग मला जमत नाही. तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांचे पाय धडधाकट होते, तरी त्यांना आत जाता आलं नाही. म्हणजे माणसाला दारात थांबवून ठेवायची विद्या पिढीजात आहे, आणि तिला दगडच लागतो असंही नाही.

आपली पहिली ओळख शाळेत झाली. पाचवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर, मध्ये तुम्ही 19 जणी. माझ्या दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. सकाळी बाबा पाठुंगळी घेऊन वर सोडायचे आणि ऑफिसला पळायचे. मधल्या सुट्टीत मी वरच, खिडकीत. शाळा सुटली की उतरायचं ते बसून. आधी दप्तर एक पायरी खाली, मग कुबड्या, मग मी. गणवेशाचा स्कर्ट मागून दर दोन महिन्यांनी विरायचा आणि आई आतून ठिगळ लावायची. पाचवीचा वर्ग तळमजल्यावर आणता येईल, हे चार वर्षांत कुणालाही सुचलं नाही. सहावी, सातवी, आठवी, सगळे वर्ग वरच. मात्र गॅदरिंगला मला जिद्दीचं पारितोषिक द्यावं, हे सगळ्यांना एकाच वेळी सुचलं. बक्षीस स्टेजवर, स्टेजला चार पायऱ्या. मी त्या चढत असताना अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. वर्ग खाली आणायला एक अर्ज, एक सही आणि दोन शिपाई लागले असते. टाळ्यांना काहीच लागलं नाही.

त्या टाळ्यांचं बिल पुढे आलं. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. ज्या वाचतात त्या गप्प बसत नाहीत. मेलेल्या शेजारणींचे पोरके स्नायुतंतू पदरात घेतात, नवे फाटे फोडतात आणि एकेकटी चौघींचं काम ओढू लागते. वर्षानुवर्षं, ओव्हरटाइम, बिनपगारी. साधारण 15 ते 40 वर्षांनी त्या थकायला लागतात. नवी कमजोरी येते, दुखणं येतं, आणि झोपून न जाणारा थकवा येतो. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मला त्यानं गाठलं 38 वर्षांनी, 2011 साली. त्याच वर्षीच्या 13 जानेवारीला हावड्यात देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण नोंदला गेला. 2014 च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला पोलिओमुक्त ठरवलं, आणि त्याच वर्षी मी कुबड्या सोडून व्हीलचेअरवर आले. पोलिओ गेला, आम्ही राहिलो.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी फार जिने चढलात का हो?"

मी म्हटलं, "त्याचं बक्षीस मिळालंय मला."

त्यांनी सांगितलं, शक्ती जपून वापरा, आटापिटा करू नका. म्हणजे चाळीस वर्षं ज्या जिद्दीबद्दल नारळ आणि शाल मिळत होती, ती कमी करा, असं प्रिस्क्रिप्शन.

आता कुठं बाहेर जायचं म्हटलं की माझा दिवस आदल्या रात्री सुरू होतो. फोन लावायचा. "लिफ्ट आहे का तुमच्याकडे?" "आहे ना मॅडम, मोठी आहे, स्ट्रेचर जातं." गेल्यावर कळतं, लिफ्टपाशी पोचायला पाच पायऱ्या आहेत. पायऱ्या चढून मग गाठायची लिफ्ट कुणी शोधून काढली ते ठाऊक नाही, पण त्या माणसाचा कुठंतरी अर्धपुतळा हवा. म्हणून हल्ली मी तीन प्रश्न विचारते. लिफ्ट आहे का, लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का, आणि संडासाचं दार किती रुंद आहे. तिसरा प्रश्न आला की पलीकडचा माणूस "होल्ड करा हं" म्हणतो आणि फोन कट होतो. त्याला वाटत असावं, बाई दार विकत घेणार आहेत.

निघायच्या दिवशी चहा अर्धा कप. त्यानंतर घोटभर पाणी, तेही गोळी गिळण्यापुरतं. कारण संडासाच्या तोंडाशी तुमची धाकटी बहीण उभी असते, चार इंचांची, नेहमी ओली. आणि दार असतं 22 इंची. माझी खुर्ची 25. वर्षातून दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग ठरलेला. डॉक्टर म्हणतात, पाणी भरपूर प्या. मी विचारते, कुठं?

मानसशास्त्रात याला ताण म्हणतात. आम्ही याला बाहेर जाणं म्हणतो.

मग येतो मंगल कार्यालयाचा प्रसंग. दारात तुम्ही सातजणी ओळीनं, अंगावर रांगोळी, कडेला झेंडूच्या माळा. कुणीतरी ओरडतं, "अरे, चार पोरं या रे इकडे!" चार पोरं येतात. मुलं चांगली असतात, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांच्यावर ढकलाल. "कुठं धरू?" असं विचारणारा एखादाच. एक जण मागची हँडल पकडतो. एक जण पाय ठेवायची फळी पकडतो, ती निघून त्याच्या हातात येते. तिसरा माझ्या दंडालाच धरतो. पदर चाकात. आणि पन्नाशी ओलांडलेली मी, पैठणी नेसून, चार परक्या पुरुषांच्या हातांवर तिरपी होऊन, आकाशाकडे बघत मांडवात शिरते. नवरी अजून आलेली नसते, त्यामुळे सगळे मोबाइल माझ्याकडे वळतात. "मावशी, वजन वाढलंय बरं का!" सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं मी हसते.

पायरीबाई, त्या हसण्याबद्दल मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय.

ते हसू माझं नाही. ते भाडं आहे. न हसले तर "स्वभाव कडवट झालाय बिचारीचा". घाबरून किंचाळले तर "आम्ही आहोत ना, एवढं काय". "मला उचलू नका, दोन फळ्या आणा" म्हटलं तर "मदत करायला गेलं तरी यांचे नखरे". आणि खरोखर रागावले, तर पुढच्या कार्याचं आमंत्रण येतं ते असं, "तू ये असं म्हणवत नाही गं, तुला उगाच त्रास." म्हणजे उचलणाऱ्याला बरं वाटेल याची काळजी घ्यायची ती उचलल्या जाणारीनं. हात त्यांचे, कसरत माझी. एका लग्नात असं येताना, जेवायला जाताना, फोटोला आणि निघताना, चार वेळा हसावं लागतं. रात्री घरी आल्यावर लोक फोन करून विचारतात, पाय दुखत नाहीत ना? पाय कशाला दुखतील, ते तर दिवसभर बसलेलेच होते. गाल दुखतात. गालांवर कुणाकडे मलम नसतं.

आणि वर पोचले की एक काका थांबलेले असतातच. प्रत्येक लग्नात वेगळे, वाक्य एकच. "तुमच्याकडे बघितलं ना, की आमची दुःखं किती क्षुल्लक वाटतात!" मी आहेर द्यायला आलेली असते. काका माझ्याकडून चमचाभर प्रेरणा घेतात आणि जिलबीच्या रांगेत जाऊन उभे राहतात. ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाची विनोदी कार्यक्रम करणारी बाई होती, स्वतः व्हीलचेअरवर. धडधाकटांना बरं वाटावं म्हणून अपंगांना नुसतं उठल्या-बसल्याबद्दल शाबासकी देण्याचे तिनं 2014 साली एका भाषणात चांगले वाभाडे काढले. आमच्या काकांनी ते ऐकलेलं दिसत नाही. बरं, खऱ्या पराक्रमाचं काय होतं तेही बघा. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. पाण्यात तुम्ही नसता, तेव्हा माणूस कुठवर जातो बघा. पण पद्मश्री मिळाली 2018 साली. सुवर्ण जिंकलं तर 46 वर्षं थांबा, लग्नाला आलात तर शाबासकी जागेवर.

माझी मावशी नारायण पेठेत राहायची. वाडा पाडून बांधलेली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. 52 पायऱ्या. संधिवातानं तिला उतरता येईना, मला चढता येत नव्हतं. आमच्या दोन घरांत रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर, आणि दोन वर्षं आम्ही फोनवर भेटलो. कधीतरी मी रिक्षा करून जायची, ती गॅलरीत यायची. रिक्षावाला मीटर चालू ठेवून बाहेर उभा. ती वरून ओरडायची, "जेवलीस का?" मी खालून ओरडायची, "गुडघा कसाय?" मध्ये बसचा हॉर्न. ती दोरीला पिशवी बांधून खाली लाडू सोडायची. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, त्यांना मजा वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही वाटायची. मग ती गेली. तिला खाली आणल्यावर मी तिला बघितलं. चौघांनी उचलून आणलं होतं, आणि तिला हसावं लागलं नाही.

त्यानंतर माझी झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच. आमटीला चव लागेना. पुस्तक उघडलं की त्याच पानावर पाऊण तास. फोन वाजला की पोटात गोळा, कारण फोन म्हणजे कुठंतरी बोलावणं आणि बोलावणं म्हणजे तुम्ही. मी माणसांना टाळू लागले आणि माणसांनी ते फार समजूतदारपणे मान्य केलं. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, मग खुर्चीकडे बघितलं आणि मान हलवली. "तुमच्या परिस्थितीत हे साहजिकच आहे."

साहजिक! काय सोयीचा शब्द आहे. शेजारच्या धडधाकट बाईंनी हीच लक्षणं सांगितली असती तर त्यांना नैराश्य झालं असतं, गोळ्या मिळाल्या असत्या, फेरतपासणीची तारीख मिळाली असती. मला फक्त परिस्थिती झाली. एका आजाराची सावली इतकी लांब पडते की दुसरा आजार तिच्यात दिसतच नाही. उद्या माझ्या डोक्यात नारळ पडला तरी टेंगूळ पोलिओमुळेच आलं म्हणतील.

आणि आकडेवारीही अशी की ती काकांच्या हाती लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात म्हटलंय, अपंग व्यक्तींना नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या दुप्पट. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं 2018 सालची तिथली पाहणी मांडली. महिन्यातले 14 किंवा त्याहून जास्त दिवस मन थाऱ्यावर नव्हतं असं सांगणाऱ्यांत अपंग प्रौढ जवळपास 33 टक्के, बाकीचे जेमतेम 7. हे वाचून सगळे म्हणतात, होणारच, पाय नाहीत, डोळे नाहीत, दुःख तर होणारच. माझी हरकत इथंच आहे. पाय माझ्याकडे वयाच्या दीड वर्षापासून नाहीत. त्यांची आठवणसुद्धा नाही, मग दुःख कशाचं करू? घरातला उंबरठा मी काढून टाकलाय, ओटा खाली घेतलाय, बटणं खाली घेतलीत. त्या चारशे चौरस फुटांत मी अपंग नसते, नुसती आळशी असते. दुःख दारापासून पुढं सुरू होतं, आणि बरोबर सात इंचांचं असतं. ते तुमच्या खात्यावरचं आहे, पायरीबाई, पाच दशकं माझ्या पायांच्या नावे चढवलं जातंय.

असो. समुपदेशकाकडे जायचं ठरवलं. पत्ता मिळाला, नाव चांगलं होतं, फी परवडणारी होती. फोन लावला. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, 17 पायऱ्या, लिफ्ट नाही.

रिसेप्शनवरची मुलगी गोड होती. "मॅडम, एकदा या तर खरं, खाली केमिस्टकडे मुलं असतात, उचलून आणतील."

मी म्हटलं, "बाळा, त्याच्यावरच उपचार घ्यायला यायचंय."

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा आहे. त्यात लिहिलंय, अपंगत्वावरून कसलाही भेदभाव न होता प्रत्येकाला ही सेवा मिळाली पाहिजे. मिळतेच की. 17 पायऱ्यांवर ठेवलेली आहे, कुणीही यावं आणि घेऊन जावं. फोनवरून बोलायची सोय आहे, 2022 पासून सरकारची टेलिमानस आहे, 14416. पहाटे तीनला मी तो नंबर लावलाय, आणि पलीकडची बाई निवांत ऐकत होती हे मुद्दाम नोंदवते. फोनला पायऱ्या नसतात. पण माझी एक मैत्रीण जन्मापासून बहिरी आहे. तिच्यासाठी फोन हीच पायरी.

तुमचा गोतावळा मोठा आहे हे मला तिच्यामुळेच कळलं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, आणि प्रत्येकाला तुमची एकेक नातेवाईक वाट्याला आलीय. अंध माणसाला बँकेच्या साइटवरची वेडीवाकडी अक्षरं, जी ओळखून तो यंत्र नाही हे त्यानं सिद्ध करायचं असतं. बहिऱ्या माणसाला फलाटावरची घोषणा. आणि ज्याचा आजारच मनाचा आहे, त्याला टेबलापलीकडचं वाक्य: "तुम्ही तर चांगले दिसता!" माझं निदान दिसतं तरी. प्रमाणपत्र काढायला गेलं की माझ्या पायांना टेप लावतात आणि टक्के सांगतात. त्याला मात्र दर वेळी थोडं जास्त आजारी दिसावं लागतं, नाहीतर 40 टक्के भरत नाहीत. बरं होत चाललेल्या माणसानं वर्षातून एकदा वाईट दिसायची तालीम करायची, याहून चांगली ताण वाढवायची युक्ती मला सुचलेली नाही.

तर, त्या समुपदेशक बाई. त्यांनी मला वर बोलावलं नाही. त्या खाली आल्या. येताना एकच प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तेव्हाच मला त्या आवडल्या. पार्किंगमध्ये, दोन अ‍ॅक्टिव्हा आणि एका बंद पडलेल्या मारुतीच्या मध्ये आम्ही बसलो. वॉचमन पाण्याच्या मोटारीशी खेळायचं नाटक करत सगळं ऐकत होता. बाईंनी वही उघडली. विचारलं, "तुम्हाला नेमका कशाचा त्रास होतो, असं वाटतं?"

मी काही बोलले नाही. त्यांच्या मागं जिना होता, त्याच्याकडे बोट केलं.

त्यांनी वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या तुम्हाला तुडवत वरखाली करतात, पण तुमची ओळख करून दिल्यासारखं त्यांनी त्या दिवशी बघितलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. "साहजिक" म्हणाल्या नाहीत. आठ महिने आम्ही तिथंच बसत होतो, पावसाळ्यात केमिस्टच्या छपराखाली. माझी झोप परत आली, गोळ्याही लागल्या, त्याची मला लाज नाही. सगळ्यांत आधी काय परत आलं सांगू? राग. बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे.

रागाच्या भरात मी सोसायटीच्या वार्षिक सभेत रॅम्पचा विषय मांडला. आमच्या दारात तुम्ही तिघी आहात, एकूण 21 इंच. हिशेब शाळकरी आहे. एक इंच चढायला बारा इंच उतार लागतो. म्हणजे तुम्ही एकट्या असाल तर सात फूट, तिघी असाल तर 21 फूट, मधला सपाट टप्पा वेगळा. सभेत चाळीस मिनिटं चर्चा झाली. "एका माणसासाठी?" असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं पुढच्या बाजूचा लुक जाईल म्हणून चिंता व्यक्त केली. तिसऱ्याला चार दुचाकींची जागा जाते याचं दुःख झालं, त्याला मात्र कुणी साहजिक म्हटलं नाही. शेवटी मोठ्या मनानं रॅम्प झाला. लांबी साडेचार फूट. वर चकचकीत ग्रॅनाइट. नारळ फोडला, माझा फोटो काढला, मी हसले. त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला देवावर श्रद्धा लागते. गॅस सिलिंडर मात्र त्यावरून फार सुंदर घरंगळत येतात. मधल्या काळात त्यावर तुळशीच्या कुंड्या आल्या.

कायद्याचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्याला रोज बघता, तो तुमच्यापाशीच थांबतो. 2015 च्या डिसेंबरात सुगम्य भारत अभियान आलं. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी सुचवलं की विकलांग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. आम्ही रातोरात दिव्य झालो, तुम्ही सात इंचच राहिलात. 2016 च्या कायद्यानं सांगितलं, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती सुगम करा. नियम निघाले जून 2017 मध्ये, मुदत संपली जून 2022 मध्ये. मुदत संपली त्या दिवशी मी एका सरकारी कचेरीबाहेर रिक्षात बसले होते. आत माझा अर्ज गेला होता, मी नव्हते. राजीव रतुरी नावाचे गृहस्थ, त्यांना दिसत नाही, पण कोर्टाची पायरी चढण्याइतके ते अडाणी निघाले, आमचं नशीब. ते 2005 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. 2017 मध्ये आदेश झाले. 8 नोव्हेंबर 2024 ला न्यायालय म्हणालं की कायदा सुगमतेची सक्ती करतो आणि त्याखालचा नियम मात्र सूचना केल्यासारखा बोलतो, हे चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला कुणी "हटा" म्हटलंच नव्हतं. "जमल्यास जरा सरकता का?" एवढंच म्हटलं होतं. तुम्हाला जमलं नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक मला इथं आठवतात. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर गेलं, जगावंसं वाटेना. त्यांना काकांच्या शाबासकीनं उभारी आली नाही. त्यांच्यासारखेच व्हीलचेअरवर असलेले बाबूकाका दिवाण भेटले, आणि अशा खुर्चीत बसून हवं तिथं जाता येतं हे त्यांना डोळ्यांनी बघता आलं. 1984 साली त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली. आत्मकथनाचं नाव ठेवलं 'चाकाची खुर्ची'. तुमच्यावर एखादं पुस्तक लिहून मिळेल अशी आशा तुम्हाला असेल, तर सध्या या पत्रावर भागवा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. समुपदेशक बाईंनी गृहपाठ दिला होता: ज्याचा सगळ्यांत जास्त राग येतो त्याला मनमोकळं पत्र लिहा. मी यादी केली. बिल्डर, सेक्रेटरी, डॉक्टर, काका, शाळेचे हेडमास्तर. एकेकाला लिहायला बसले की कुठं ना कुठं दया यायची. हेडमास्तर शेवटी शेवटी काठी घेऊन चालत होते. काकांची दुःखं खरोखर क्षुल्लक नसावीत, नाहीतर ती विसरायला एवढी माणसं लागली नसती. दया आली नाही ती फक्त तुमची.

बाई म्हणाल्या होत्या, लिहून झालं की फाडून टाका, बरं वाटतं. मी म्हटलं, फाडणार नाही, छापायला देणार.

कळावे. लोभ नसावा.

तळमजल्यावरची,
तुमची जुनी ओळखीची

ता. क. उत्तर पाठवायचं झालं तर वॉचमनकडे द्या. आमच्या सोसायटीच्या टपालपेट्या जिन्यात चौथ्या पायरीच्या वर भिंतीत बसवल्या आहेत. माझ्या पेटीवर माझं नाव आहे, किल्लीही माझ्याकडे आहे. 2014 पासून ती मी उघडलेली नाही.